फोटो काढू नको म्हणणारा तू कोण?

दोस्तहो, वस्तीवर बुलडोझर आला, नाक्यावर लाठी उठली, की वर्दीतलं तोंड पहिल्यांदा काय बोलतं? 'ए, मोबाईल खाली कर. डिलीट मार.' शहाडपासून बदलापूरपर्यंत हेच. आणि आपण गुमान डिलीट मारतो. आपल्याला वाटतं, असा कुठलातरी कायदा असणार.

तसला कायदा नाही. भर रस्त्यात समोर दिसतं त्याचा फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा या देशात नाही. उलट बाबासाहेबांच्या घटनेतलं कलम १९(१)(क) आपल्या बाजूनं उभं आहे.

बंदी आहे ती ठराविक जागी. इंग्रजानं १९२३ साली शासकीय गुपितांचा कायदा केला. अंबरनाथची आयुधनिर्माणी, नौदलाची गोदी असल्या जागा त्यात निषिद्ध. मी गोदीत बोजे उचलतो, तिकडं कॅमेरा वळवायचा नाही हे आम्हांला ठाऊक आहे. ठीक. पण २०१८ मध्ये वर्ध्यात हाच कायदा एका साध्या माणसावर लावला. त्याचा गुन्हा काय? पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला! २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो गुन्हा रद्द केला. निषिद्ध जागेच्या व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही, असं कोर्टानं स्वच्छ सांगितलं.

दुसरा धाक 'सरकारी कामात अडथळा' हा. न्याय संहितेचं कलम १३२ लावायचं तर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. कलम २२१ ला खराखुरा अडथळा लागतो. दहा हात लांब उभं राहून शूटिंग करणाऱ्यानं कुणाला अडवलं? फोन जप्त केला तरी त्याची खबर मॅजिस्ट्रेटला द्यावी लागते. आणि जप्त करणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे.

गंमत बघा. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडतीचं चित्रीकरण पोलिसांवरच बंधनकारक केलंय, तेही शक्यतो मोबाईलवर. म्हणजे त्यांचा मोबाईल आमच्या चुलीपर्यंत येणार, आणि आमचा मोबाईल रस्त्यावर चालणार नाही?

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात दहा माणसं मेली. सरकारी बाजू म्हणाली, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या मनोहर कदमला जन्मठेप सुनावायला २००९ उजाडलं. त्या दिवशी वस्तीत किती हातांत कॅमेरा होता? आज प्रत्येक खिशात आहे.

पुन्हा ११ जुलै. साल २०१६, गुजरातमधलं उना. मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना भर रस्त्यात फोडलं, आणि मारणाऱ्यांनीच त्याचं शूटिंग करून गावभर फिरवलं. मस्ती बघा! तीच फीत त्यांच्या गळ्यात आली, देशभर मोर्चे निघाले. म्हणजे कॅमेरा त्यांनाही कळतो. आपण कधी शिकणार?

आता एक कडू गोष्ट. हाच हक्क गळ्यात महागडा कॅमेरा अडकवून येणाऱ्या पांढरपेशा पाहुण्यालाही आहे. आमच्या पोराचं शेंबूड तो गॅलरीत टांगतो, टाळ्या घेतो. त्याच्यावर बंदी मागू नका, ती बंदी उद्या आपल्याच मानेवर बसेल. उलट कॅमेरा आपण उचलायचा. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते बघा.

आपल्यालाही लगाम हवा. बाईचं नहाणं, कपडे बदलणं चोरून टिपणं गुन्हा आहे. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघडी करणं हाही गुन्हा. आणि तो गुन्हा नसता तरी आपण ते करणार नव्हतो. कॅमेरा लाठीवर धरा, रडणाऱ्या आईच्या तोंडात खुपसू नका.

आणि शूटिंग झालं की त्यावर गाणी चिकटवू नका, काटछाट करू नका. मूळ फाईल त्याच फोनमध्ये ठेवा, दोन विश्वासू माणसांकडं पाठवा. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तिथं मूळ फोन कामाला येतो.

हुकूम आला तर विचारा, साहेब, कलम कुठलं? विचारताना आवाज खाली ठेवा. मोबाईल मात्र वरच ठेवा.