विहिरीतून निघालेलं दगडी झाड गिट्टीत घालू नका

विहीर किंवा शेततळं खोदताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण आपल्या नागपूर-वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कधी कधी दोन काळ्या थरांच्या मध्ये पांढरट, राखी नाहीतर तांबूस, गारगोटीसारखा कडक थर निघतो. ठोकला की धारदार कपच्या उडतात. पोकलेनवाला वैतागतो आणि माल ढिगाऱ्यावर जातो. माझं म्हणणं एवढंच, की तो फेकण्याआधी एकदा नीट बघा. त्यात झाड असू शकतं.

दगडात झाड कसं, असं विचाराल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला. तोच थिजून आपला काळा पाषाण झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपली कपाशीची काळी जमीन त्याच्याच झिजेतून झाली. मात्र हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर ओतला गेला, की पुढचा येईपर्यंत कित्येकदा हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या उसंतीत तळी साचली, काठावर झाडं वाढली. त्यांची खोडं, फळं, बिया गाळात पडल्या. पाण्यात विरघळलेलं गारेचं द्रव्य, म्हणजे सिलिका, त्यांच्या पेशीपेशीत भरलं आणि लाकडाचा दगड झाला. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि पेटीला जणू झाकण बसलं.

या पेटीत काय काय निघालं ते बघा. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान हे गाव अशा दगडी फळाफुलांसाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. त्याच जिल्ह्यातल्या सौसरजवळच्या दगडात अझोला सापडला. धानाच्या बांधीत नत्रासाठी आपण सोडतो, त्याच अझोल्याचा हा पूर्वज. प्रा. बिरबल साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४३ साली त्याची नोंद केली. २०१३ साली नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातल्या दगडांतून द्राक्षकुळातली फळं जाहीर झाली. तोपर्यंत सापडलेल्यांत ती जगात सर्वांत जुनी होती. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला तर लाव्ह्याच्या खालच्या थरात डायनासोर काळातलं दगड झालेलं शेण मिळतं. २००५ साली त्यात गवताचे अंश सापडले. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे त्यावरून जगाला कळलं. आपलं धान, ज्वारी, गहू ही सगळी गवतकुळातलीच पिकं.

आता तुमच्या मनातली शंका. ‘साहेब, नोंद केली तर सरकार शेत नेईल.’ ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली अशा भूवारशासाठी कायद्याचा मसुदा लोकांपुढे मांडला, त्यात जमीन संपादनाची तरतूद होती. पण विहिरीतून वर आलेला दगड आधीच जागेवरून सुटलेला असतो. तो जपायला सातबाऱ्याला हात लावायची काहीच गरज नाही. शासनाने हे लेखी सांगितलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर शेतकरी गप्प बसेल आणि दगड क्रशरवर जाईल.

यातून कपाशीचा उतारा वाढणार नाही, हेही खरं. पण एकदा गिट्टी झाली, की हा पुरावा पुन्हा मिळणार नाही.

मग करायचं काय? काम थांबवू नका. दगडाच्या तुटलेल्या बाजूवर पाणी टाकून बघा. शिंदीचं खोड आडवं कापल्यावर जसे ठिपके दिसतात, तसे ठिपके दिसले. लांबीला रेघा, सालीसारखे पदर किंवा बियांचे आकार दिसले, तर तो तुकडा बाजूला ठेवा. फोडू नका, घासू नका. शेजारी पेन ठेवून मोबाइलवर फोटो काढा. गट नंबर आणि किती फुटांवर निघाला ते लिहून ठेवा. जागा आणि खोली माहीत नसली, तर अभ्यासाच्या दृष्टीने दगडाची अर्धी किंमत जाते.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि अभियंता मंडळींना एक विनंती. विहिरीच्या मोजमाप पुस्तकात माती, मुरूम, कठीण खडक असे थर आपण लिहितोच. तिथंच एक ओळ वाढवा: ‘मधल्या थरात झाडाचे अवशेष आढळले.’ आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र विभागाला, नाहीतर नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.

हे आपलं काम नाही, असं कुणी म्हणू नये. मध्य प्रदेशातल्या घुघवा इथल्या दगडी झाडांकडे १९७०च्या दशकात लक्ष वेधलं ते मंडला जिल्ह्यातल्या एका सांख्यिकी अधिकाऱ्याने. १९८३ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. तो काही भूगर्भशास्त्रज्ञ नव्हता, आकडेमोड करणारा माणूस होता. त्याने नजर उघडी ठेवली, एवढंच. तेवढं तर आपल्यालाही जमेल.