पावसात सायकलफेरी नको

बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. ११६ तरुण-तरुणी सायकलींवर होते. पाठीच्या दुखण्यानं बाबांना बसता येत नसे, तरी ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. हे ऐकल्यापासून वर्गात एकच धोशा, आपणही मदतफेरी काढू, पाऊस असला म्हणून काय झालं! मला हे पटत नाही. ती यात्रा हिवाळ्यात निघाली होती. आपल्या उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, पावसाळ्यात दोघीही फुगतात. महामार्गावर ट्रक गेला की चिखलपाणी तोंडावर उडतं, ओले ब्रेक नीट लागत नाहीत. त्यात निम्म्या जणांच्या सायकली वडिलांच्या, पाय पुरत नाहीत! मदत गोळा करायची तर छत्री घेऊन घरोघर चालत जाऊ. सायकली दिवाळीनंतर काढू. पालकहो, तेव्हा मात्र नाही म्हणू नका.