गोधेचे रक्षण : आपलेही कर्तव्य

चिंचोटीचा धबधबा ज्या तुंगारेश्वरच्या रानात कोसळतो, तेथील घोरपड म्हणजेच आपल्या संहितांतील गोधा. चरकाचार्यांनी तिची गणना भूमिशय प्राण्यांत केली, ती यथार्थच आहे. बिळांत, ढोलींत राहणारा हा प्राणी दुभंगलेल्या जिभेने गंध घेत कीटक, खेकडे, उंदीर व मृत जनावरे खातो आणि रान स्वच्छ राखतो. मादी पावसाळ्यात जमिनीत वा वारुळात अंडी घालते. ती उबण्यास कित्येक महिने लागतात. त्यामुळे शिकारीने झालेली हानी सहज भरून निघत नाही.

खेदाची बाब अशी, की ‘हत्थाजोडी’ या नावाने दुर्मीळ मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. घोरपडीची चरबी सांधेदुखीवर म्हणून खपविली जाते, ती निराळीच.

संहितेत गोधामांसाचे गुण वर्णिले आहेत, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु ते वर्णन अन्नपानविधीतील आहे. ती शिकारीची आज्ञा नव्हे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यास किमान ३ वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड आहे.

संधिवातासाठी निर्गुंडी तेल, महानारायण तेल आपल्या हाताशी असताना या चरबीची गरजच काय? वैद्यबंधूंनी रुग्णास हे समजावून सांगावे. औषधी विक्रेत्यांनी अशी ‘मुळी’ दुकानात ठेवू नये. कोणी विकावयास आणल्यास वनविभागास कळवावे. द्रव्याची ओळख हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. तो आपणच ढासळू देऊ नये.