मायक्रोफ्रॅक्चर ही फुकटची पायरी नव्हे

गुडघ्याच्या कूर्चेत खड्डा दिसला की त्याच बैठकीत मायक्रोफ्रॅक्चर उरकायचे आणि नाही जमले तर पुढचे पुढे पाहायचे, ही सवय आपल्या शस्त्रक्रियागृहांत मुरली आहे. रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या या तंत्रात ऑलने हाडाच्या थराला तीन-चार मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडतात. पंपाचा दाब उतरवला की त्यांतून चरबीचे थेंब आणि रक्त झिरपू लागते. त्या गुठळीतून तयार होणारी ऊती मात्र मुख्यत्वे तंतुमय असते, मूळ कूर्चेसारखी टिकाऊ नसते. शिवाय खालचे हाड घट्ट होते, कुठे उंचावते, आणि पुढे कूर्चापेशींचे रोपण (पेशीरोपण) करायचे झाल्यास तीच जमीन आपल्या वाट्याला येते. मिनास आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३२१ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा आधी मायक्रोफ्रॅक्चरसारखे मज्जा-उत्तेजक उपचार झालेल्यांत पेशीरोपण फसण्याचे प्रमाण २६ टक्के होते, इतरांत ८ टक्के. हा अभ्यास यादृच्छिक नव्हता आणि आधी उपचार झालेले गुडघे मुळातच अधिक बिघडलेले असू शकतात, हे खरे; तरीही तिपटीचा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

यावर नॉर्वेतील नुट्सेन यांच्या चाचणीचा दाखला हमखास दिला जातो. प्रत्येकी ४० रुग्णांच्या दोन गटांत पेशीरोपण मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस ठरले नाही. सुमारे १५ वर्षांनी अनुक्रमे १७ आणि १३ जणांत उपचार अयशस्वी ठरले होते. पण हे पहिल्या पिढीचे, पेरिऑस्टियमच्या झाकणाखालचे रोपण होते. तीन चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या खड्ड्यांवरील २०१४च्या समिट चाचणीत आधारजाळीवरील पेशींनी दोन वर्षांनी वेदना आणि कार्यक्षमता या दोन्हींत आघाडी घेतली. लहान खड्ड्यांसाठी मायक्रोफ्रॅक्चरला जागा आहे. मोठ्यांसाठी ते केवळ हाताशी आहे म्हणून करू नये.

पेशीरोपणाच्या खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आपल्या बहुतेक रुग्णांना परवडत नाहीत. पण परवडत नाही म्हणून हाडाला छिद्रे पाडणे, हा त्यावरचा उपाय नाही. आधी पूर्ण पायाचा उभा एक्स-रे काढून अक्ष तपासावा, मेनिस्कस आणि लिगामेंट पाहावेत, वाकडा पाय ऑस्टिओटॉमीने सरळ करावा. एमआरआयमध्ये योगायोगाने सापडलेल्या, न दुखणाऱ्या खड्ड्याला तर हातच लावू नये. आणि मायक्रोफ्रॅक्चर करायचेच ठरले, तर पुढच्या पेशीरोपणाच्या यशावर त्याचा परिणाम होऊ शकतो, हे संमतिपत्रात मराठीत, रुग्णाला समजेल असे लिहावे.