टेंपलसाहेबाचे माप

पेण तालुक्यातल्या गडबला खाडीच्या बांधाला खांड पडली की बाया आणि पुरुष एकाच चिखलात उतरतात. संध्याकाळी पैसे मात्र दोन मापांनी. मागच्या बैठकीत कारण विचारले, तर मजुरी वाटणारा म्हणाला, "बाईचं काम हलकं. आणि तिला लागतं किती?"

मैत्रिणींनो, हा हिशेब त्याचा एकट्याचा नाही. तो सरकारी हुकुमातून आलेला आहे.

सर रिचर्ड टेंपल. 1874 च्या बिहारमधल्या दुष्काळात याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, माणसे जगवली आणि उधळपट्टीबद्दल बोलणी खाल्ली. त्यातून साहेब धडा शिकले! 1877 मध्ये व्हाइसरॉय लिटनचा दूत म्हणून दख्खनच्या दुष्काळात आले ते काटकसर करायलाच. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर एखादा आणा. बाईला त्याहूनही कमी. हजारो मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. साहेब मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. 1880 मध्ये पार्लमेंटची निवडणूक लढवायला मायदेशी गेले, 1882 मध्ये आठवणींचे पुस्तकही काढले.

आपल्या जिल्ह्याला या गव्हर्नरची आठवण एवढीच, की शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी 1879 च्या बंडात त्याच्या डोक्यावर इनाम लावले. शाळेत ही गोष्ट ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या. पण ज्या भुकेने फडके पेटले, तिच्यात बाईचे माप आणखी लहान होते, हे कुणा गुरुजींनी सांगितले नाही. (एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गातही नाही. तिथे दुष्काळ म्हणजे परीक्षेतली टीप.)

'तो काळच तसा होता' म्हणणाऱ्यांना विचारायचे आहे: आताचा काळ कसा आहे? समान वेतनाचा कायदा 1976 सालचा. 2019 च्या वेतन संहितेतही ती तरतूद आली. तरी साहेबाचे माप बांधावर शाबूत! आणि ते आता आपलीच माणसे धरतात, साहेबाला नावे ठेवत ठेवत.

त्या बैठकीत एक आजी उठून म्हणाली, "खांड बुजवताना पानी काय बाईला कमी लागतं?" मजुरी वाटणारा गप्प बसला.

उधाण ओसरले की बांधाचे काम पुन्हा निघेल. हजेरीपटावर सगळ्यांना एकच दर लिहिल्याशिवाय घमेले उचलायचे नाही, असे बायांनी ठरवले आहे.