नवी मुंबईत घर घेताय? आधी प्रवास मोजा
मुंबईतली छोटी खोली विकून पनवेलला टू बीएचके घ्यायचा, हा हिशेब मोहात पाडतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत रस्ते रुंद आहेत. २०२४ मध्ये अटल सेतूही सुरू झाला. नोकरी ऐरोली, महापे किंवा बेलापूरला असेल, तर जरूर जावे. पण ऑफिस फोर्टमध्येच असेल, तर पनवेल-सीएसएमटी लोकलला साधारण ८० मिनिटे लागतात. म्हणजे जाऊन-येऊन रोज अडीच तासांहून जास्त! घर मोठे होते, पण घरी मिळणारा वेळ कमी होतो. आई-वडिलांचा नेहमीचा डॉक्टर आणि शेजारही मागे राहतो. मुंबईतली खोली एकदा विकली की पुन्हा घेणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणून आधी वर्षभर तिकडे भाड्याने राहून पाहावे. विकायचा निर्णय नंतर घ्यावा.