वॉक पुरे झाले, आता नकाशा द्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवारचे हेरिटेज वॉक ज्यांना मनापासून आवडतात त्यांनी आधी चहा घ्या आणि मग वाचा, कारण राग त्यांच्यावरच आहे. त्यात मीही आलोच.

गेल्या महिन्यात आमच्या पेठेत पाइप टाकायला रस्ता खणत होते. पुरुषभर खोलीवर जेसीबीला दगड लागला. साधा नव्हे, घडीव, चुन्यात बसवलेला, वर आडव्या फरश्या. ऑपरेटर बिचारा थांबला, त्याने विचारलं, "काय करू?" वरून उत्तर आलं, "फोड." अर्ध्या तासात खेळ खलास. बघायला उभ्या असलेल्या आम्हा दहा-बारा जणांपैकी तिघांनी तरी कात्रजच्या नळाचा वॉक केलेला होता. एकाने रील काढली. ज्यांचं काम होतं त्यांना मी फोन लावला (नाव घेत नाही, पुण्यात खणणारे पाच-सहा आहेत आणि खणताना सगळे सारखेच). ते म्हणाले, "आमच्या नकाशात इथे काही दाखवलेलं नाही."

मला चीड आली ती या उत्तराची. कारण ते खरं होतं.

तो कात्रजचाच नळ होता की दुसरा एखादा, हे आता कधीच कळणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी बंदिस्त नळातून आठेक किलोमीटर लांब शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, काही नाही, फक्त उतार. मधे मधे हवा सुटायला आणि आत उतरून गाळ काढायला उच्छ्वास बांधले. त्यातले काही अजून उभे आहेत, आपण त्यांना फ्लेक्सची दोरी बांधतो. फडके हौद चौकात रोज हजारो लोक बस पकडतात, पण हौद कुठाय असं कुणी विचारत नाही.

आता मूळ मुद्दा. इन्टॅक नावाची संस्था 1984 पासून आहे. दिल्लीत मुख्यालय, देशभर दोनशेच्या वर शाखा, पुण्यातही आहे. अशा शाखेत काम करणारे बहुतेक लोक आपली नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. लोक त्यांना विचारतात, "तुम्ही असताना वाडा पडलाच कसा?" अहो, त्यांच्या हातात कायद्याने काहीच नाही. ते नोटीस काढू शकत नाहीत, काम थांबवू शकत नाहीत, दंड तर लांबच. शनिवारवाडा केंद्राच्या संरक्षणात आहे, म्हणून 2010 च्या दुरुस्तीप्रमाणे त्याच्या 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. (त्या 100 मीटरच्या आत मोडकळीला आलेल्या वाड्यात राहणाऱ्यांचे काय हाल आहेत, ती वेगळी पोस्ट होईल.) पण यादीबाहेरचं जे काही आहे, म्हणजे हौद, नळ, पार, घाट, गल्लीतली देवळं, त्याला वाली कोण? इन्टॅकने 2004 मधे अशाच असंरक्षित वारशासाठी स्वतःची सनद केली. जुन्या पद्धतीने काम करणारे कारागीर आणि जीर्णोद्धाराची आपली परंपरा यांना त्यात मान दिलाय. कागद चांगला आहे.

पण अशा संस्थांच्या शाखांचं जे काम खरोखर वारसा वाचवतं, ते कंटाळवाणं असतं. घरोघर फिरून नोंद करायची. टेप लावून मोजायचं, आराखडा काढायचा. निविदा निघाली की "सिमेंट" या शब्दावर हरकत घ्यायची. त्याचा फोटो निघत नाही, त्याला लाइक मिळत नाहीत. दिवे लावले, फलक लावला, पाहुणे आले, की मिळतात. आणि आपण टाळ्या कशाला वाजवतो ते शाखांनाही दिसतं, त्याही माणसांच्याच बनलेल्या आहेत.

सिमेंटचं जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस त्यानेच होते आणि तीही प्रेमापोटी. जुनी भिंत चुन्याची असते. ती ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर "मजबुतीसाठी" सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. मग विटेचा भुगा होतो, खार फुटतो, तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे लाकूड कुजतं. बाहेरून भिंत पाच वर्षं झकास दिसते. सहाव्या पावसाळ्यात फुगते आणि आपण म्हणतो, जुनं होतं हो, किती टिकणार. उलट चुना आधी विझवावा लागतो, मुरवावा लागतो, चुन्याच्या घाणीत मळावा लागतो, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा जे काही असेल ते घालून. त्याला वेळ लागतो. सर्वात कमी दराच्या निविदेत आणि मार्चअखेरच्या बिलात वेळ बसत नाही. एवढंच गुपित आहे.

"हे सगळं पेशवाईचं कौतुक, आम्हाला काय त्याचं?" असंही एक मित्र म्हणाला. त्याला म्हटलं, जोतीरावांनी 1868 मधे आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. या शहरात पाणी कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हा इतिहास हौदांवरूनच वाचता येतो. हौद बुजवून वर पार्किंग केलं की पुरावाच गेला. तो गप्प झाला. पटलं असं मात्र म्हणाला नाही.

वाड्यांच्या मालकांवर मी ओरडणार नाही. 1947 च्या भाडे कायद्यापासून गोठलेलं भाडं घेऊन, दुरुस्तीचा खर्च अंगावर घेऊन, वर आम्हा हौशी लोकांची प्रवचनं त्यांनी का ऐकावीत? त्यांना सल्ला नको, चुन्याचं काम जाणणारा गवंडी हवाय, आणि त्याची मजुरी कुणीतरी वाटून घ्यायला हवीय. शाखेने दहा गवंड्यांचे फोन नंबर जरी मराठीत छापून पेठेत वाटले, तरी ते दहा वॉकच्या बरोबरीचं होईल.

तर मागणी अशी. कात्रज आणि बाकीच्या जुन्या नळांचे, उच्छ्वासांचे जे काही आराखडे संस्थांकडे, अभ्यासकांकडे, कुणाच्या प्रबंधात पडलेत, ते एका नकाशावर आणा. मराठीत. फुकट. तो नकाशा रस्ता खणायच्या परवानगीला जोडलेला असलाच पाहिजे, असा लेखी अर्ज महापालिकेला द्या. 2019 मधे स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात भुयार सापडलं तेव्हा सगळे धावले होते, कारण ते बातमीत आलं. आमच्या पेठेतलं आलं नाही.

अर्जाचा मसुदा मी केलाय. सह्यांसाठी शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मंडईत टिळक पुतळ्यापाशी बसतोय. ज्याने रील काढली त्याने ती डिलीट करू नये, जागा आणि तारीख टाकून मला पाठवावी. अर्जाला जोडायला सध्या तेवढाच पुरावा आहे.